स्पीकरच्या पलीकडची ती

काल कट्ट्यावर आम्ही पाच जण बसलो होतो आणि समोरून एक माणूस फोन तोंडापुढे आडवा धरून स्पीकरवर बोलत गेला, पलीकडे बहुतेक त्याची बहीण होती, रडत होती, घटस्फोटाचं काहीतरी सांगत होती. अर्धा मिनिट तरी आम्हाला सगळं ऐकू आलं. तो गेला आणि इकडे वाद पेटला.

एक जण म्हणाला, त्याचा फोन, त्याचं आयुष्य, त्याला लाज नाही तर तुम्हाला काय त्रास? मी म्हटलं अरे पण त्याचं कुठाय, बोलत होती ती! तिला कुठे माहितीये की ती रस्त्यावर बोलतेय, तिच्या हिशोबाने ती दार लावून भावाशी बोलत होती.

मग आमच्यातल्या वाचणाऱ्याने कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांचा २०१० चा प्रयोग काढला. फोनवरचं एकाच बाजूचं बोलणं कानावर पडलं की लक्ष जास्त उडतं, दोन्ही बाजू ऐकू आल्या तर तेवढं नाही, कारण अर्ध्या बोलण्यात पुढे काय येणार याचा मेंदूला अंदाज लागत नाही. "म्हणजे स्पीकरवाला बराच की!" बरा कोणाला? आपल्याला. आपला त्रास कमी झाला तो तिचं सगळं उघडं पडलं म्हणून.

लॉ केलेला म्हणाला ही रड जुनीच आहे, १८९० मध्ये वॉरन आणि ब्रँडाइस या दोन अमेरिकन वकिलांनी झटपट फोटो काढणारे कॅमेरे आणि पेपरवाल्यांना वैतागूनच खासगीपणाच्या हक्कावर लेख लिहिला होता, जग काय बुडालं का. मला हे अजिबात पटलं नाही. तेव्हा कॅमेरावाला परका, पेपरवाला परका, आता सगळं बाहेर नेणारा आपलाच माणूस असतो. परक्याला दार बंद करता येतं, भावाला कसं करणार?

आयटीवाला म्हणाला फक्त बोलण्याचं कशाला, धावण्याची नोंद ठेवणाऱ्या स्ट्राव्हा ॲपचं बघ. २०१७ च्या नोव्हेंबरात त्यांनी लोक कुठे धावतात त्याचा जगाचा नकाशा टाकला, कोणाचंही नाव नाही, तरी जानेवारी २०१८ मध्ये लोकांना दिसलं की ओसाड वाळवंटात लष्करी तळ चमकतायत. ॲप लावून धावणारे मूठभर, उघडा पडला अख्खा तळ.

एवढा वेळ गप्प बसलेली मैत्रीण मग जरा चिडूनच बोलली. "तुम्ही सगळे फोनला शिव्या घालताय, आमच्याकडे लँडलाईन हॉलमध्ये होता, मी बोलायला लागले की अख्खं घर कान देऊन ऐकायचं. मोबाईल आला तेव्हा पहिल्यांदा मला माझं असं काही बोलता आलं."

हे मात्र खरंय, आणि मला ते आधी सुचलं नव्हतं. पण म्हणूनच तर जास्त लागतं ना, ज्या फोनने तिला स्वतःची खोली दिली त्या खोलीची एक भिंत कायम दुसऱ्याच्या हातात, त्याने स्पीकरचं बटण दाबलं की गेली.

पहिला परत उसळला, मग काय प्रत्येक कॉलला फॉर्म भरून घ्यायचा? म्हटलं नको, "स्पीकरवर आहेस, बाजूला लोक आहेत" एवढं एक वाक्य सांग, पुढे काय बोलायचं ते तिचं ती ठरवेल.

"आणि मेसेजचा स्क्रीनशॉट पुढे पाठवताना पण विचारायचं?"

हो, विचारायचं.

त्यावर तो काही बोलला नाही, पटलं असंही म्हणाला नाही.