विसण

बाबांच्या डाव्या पावलावर आज सकाळी सुपारीएवढा फोड आला. आणि त्यांना पत्ताच नाही! टॉवेल गुंडाळून बाहेर आले, सोफ्यावर बसले, पेपर उघडला. आईला दिसलं म्हणून, नाहीतर तसेच मोजे चढवून फिरायला गेले असते.

बावीस वर्षांची शुगर, पावलं बधिर. स्टुलावर बसून हँड शॉवर पायावर धरला होता. त्याच वेळी इकडे वॉशिंग मशीननं पाणी घ्यायला सुरुवात केली, एकाच पाइपवर सगळं, थंडाचा जोर गेला आणि गिझरचं कडकडीत तेवढं येत राहिलं. तुमच्याकडेही होतं ना हे? मधेच कोणी फ्लश केलं की आपण "आई गं" करून बाजूला उडी मारतो. बाबांना उडी मारायचं कळलंच नाही, मुद्दा एवढाच आहे.

डॉक्टरकडून ड्रेसिंग करून आणलं आणि इलेक्ट्रिशियनला बोलावलं. तो म्हणतो, साहेब गिझर ओके आहे, थंडीत फुलच ठेवायचा, लागेल तसं गार मिसळून घ्यायचं. अरे पण मिसळणार कोण आणि कधी? चालू शॉवरमध्ये?

आमच्या आजीकडे तांब्याचा बंब होता. मधल्या नळीत गोवऱ्या, चिपाडं, बाहेर पाणी, आणि वरून गार ओतल्याशिवाय तोटीतून गरम यायचं नाही. ते घंगाळात काढायचं, मग विसण, म्हणजे बेताचं गार पाणी, घालायचं, मग आजी कोपर बुडवून बघणार, मग आमचा नंबर. एकदा विसण पडलं की अंघोळ संपेपर्यंत पाणी तेच. शेजारच्यानं गावातले सगळे नळ सोडले तरी तेच. आता विसण हा शब्द माझ्या पोरीला माहीत नाही, सिंगल लिव्हर मिक्सर माहितीये, डावीकडे चटका, उजवीकडे बर्फ, आणि मधली जागा केसाएवढी.

त्यात बिल्डर लोक. बाथरूममध्ये रेन शॉवर दाखवून फ्लॅट विकतात, पण गरम आणि गारचं प्रेशर सारखं राहील अशी पाइपलाइन करायला काय जातं यांचं? वर गिझरची टाकी पंधरा लिटरची. गार पाणी खालून शिरतं, गरम वरून निघतं, म्हणजे पहिली बादली उकळती आणि डोक्याला साबण लावला की गारठा. मग पुन्हा वीसेक मिनिटं थांबा, दोन किलोवॅटची कॉइल आहे ती, जादू नाही.

अंगाला सोसवतं अडतीस-चाळीस डिग्री. गिझर फुलवर म्हणजे बऱ्याच मॉडेलांत ७५. साठच्या पाण्यानं चार-पाच सेकंदांत कातडी जाते, पन्नासला निदान मिनिटं मिळतात हो हात काढायला! टाकीतलं पाणी फार कोमट ठेवलं तर जंतू वाढतात, मान्य, त्यासाठी साठ लागतं. मग साठ ठेवा आणि नळाआधी थर्मोस्टॅटिक मिक्सिंग व्हॉल्व बसवा, तो गार कमी झालं की गरमही आपोआप कमी करतो. महाग आहे, हेही मान्य. पण आपण टीव्ही केवढ्याचा घेतो ते सांगू का?

आणि कमी तापमानावर ठेवला की बिलही कमी येतं, टाकी भिंतीवर टांगल्या टांगल्या उष्णता सोडत असते, गिझरवरचे स्टार त्याचेच तर असतात. जाऊ दे, आज बिलाचं बोलायचा मूड नाही.

खरं सांगू? दुपारपासून मी बिल्डरला शिव्या घालतोय, त्या इलेक्ट्रिशियनवर खेकसलो, बायकोला म्हणालो मशीन सकाळीच कशाला लावतेस. आणि तो नॉब मीच फिरवला होता. डिसेंबरात. बाबा एवढंच म्हणाले होते, पाणी जरा कोमट येतंय रे. मी वैतागून फुलवर केला आणि ऑफिसला गेलो, सुटली एकदाची कटकट. तेव्हापासून तो तसाच होता, आणि मला आठवणही नव्हती.

आता पन्नासवर आणलाय. व्हॉल्व येईपर्यंत शॉवर बंद, बादलीच. पाय प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून स्टुलावर. सकाळी विसण मी घालणार आणि कोपर बुडवून मीच बघणार असं सांगितलं, तर पेपरमधून मान वर न करता म्हणाले, "आणि पावडर पण लावणार का?"