स्मरणरंजन म्हणू नका

जुन्या व्हिडिओ गेम्सचा विषय निघाला की लोक 'नॉस्टॅल्जिया' म्हणून मोकळे होतात. मराठीत त्याला स्मरणरंजन असा गोड शब्द आहे. मला तो इथे अजिबात पटत नाही. का, ते आज जरा सविस्तर लिहितेय.

डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एका १३ वर्षांच्या मुलाने निन्टेन्डो या जपानी गेम कंपनीच्या १९८९ सालच्या टेट्रिसला, म्हणजे वरून पडणारे ठोकळे रचायच्या गेमला, हरवलं. हरवलं म्हणजे १५७ व्या लेव्हलला गेमच गोठला, पुढे चालेना. तोवर तिथपर्यंत फक्त संगणक प्रोग्रॅम पोचले होते. कित्येक वर्षं २९ वी लेव्हल हाच शेवट समजला जायचा, कारण तिथे ठोकळे इतके वेगाने पडतात की बटण दाबून धरलं तरी ठोकळा कडेपर्यंत सरकत नाही. मग काहींनी बटण धरून ठेवायचं सोडून ते थरथरत्या बोटाने भराभर दाबायला सुरुवात केली. पुढे कुणाला तरी सुचलं की अंगठा बटणावर नुसता टेकवायचा आणि कंट्रोलरच्या पाठीवर दुसऱ्या हाताची बोटं एकामागून एक आपटायची. ही युक्ती कुणी लपवून ठेवली नाही. व्हिडिओ निघाले, चॅटमध्ये शंका विचारल्या गेल्या, आणि बघता बघता शाळकरी पोरं जुन्या विजेत्यांना मागे टाकू लागली.

तो मुलगा जन्मला तेव्हा हा गेम वीस वर्षांचा होऊन गेला होता. त्याला कसली आठवण येणार? त्याच्या हातात आलं ते इतरांनी जमवलेलं ज्ञान. माझा मुद्दा एवढाच आहे. जुन्या गेम्सवर जीव असलेले लोक आठवणी काढत बसले नाहीत, ते राबले. आणि आज इंटरनेटवर आपण ज्या सवयींनी वावरतो, त्यातल्या कितीतरी त्यांच्या राबण्यातून आल्या.

गेमफॅक्स ही गेम कसे खेळायचे ते सांगणारी वेबसाइट १९९५ मध्ये सुरू झाली. तिथल्या गाइड म्हणजे साध्या मजकुराच्या फाइली, नकाशेसुद्धा टाइपच्या अक्षरांनी काढलेले. अनोळखी माणसाची अडचण सुटावी म्हणून कुणीतरी रात्र रात्र बसून, फुकट लिहिलेल्या. आज काहीही अडलं की आपण 'कुणीतरी व्हिडिओ टाकला असेलच' असं गृहीत धरतो. तो भरवसा मला त्या फाइलींनी दिला.

मीम्सचंही तेच. २००१ च्या सुमारास 'ऑल युअर बेस आर बिलाँग टु अस' हे वाक्य इंटरनेटभर पसरलं, ते 'झिरो विंग' या जुन्या गेमच्या मोडक्यातोडक्या इंग्रजी भाषांतरातून.

मला सगळ्यात जास्त भिडते ती 'मदर ३' ची गोष्ट. २००६ मध्ये निन्टेन्डोचा हा गेम फक्त जपानीत आला. याच मालिकेतल्या आधीच्या 'अर्थबाउंड'वर जीव टाकणाऱ्या चाहत्यांनी तो स्वतः इंग्रजीत आणला आणि २००८ मध्ये सर्वांसाठी खुला केला. भाषांतराची धुरा वाहणारे क्लाइड मँडेलिन व्यवसायाने भाषांतरकार. 'हवं तर माझं काम फुकट वापरा' असंही त्यांनी नंतर निन्टेन्डोला सुचवलं. अधिकृत इंग्रजी आवृत्ती अजून आलेली नाही. याच चाहत्यांच्या गोतावळ्यात वाढलेल्या टोबी फॉक्सने पुढे २०१५ मध्ये 'अंडरटेल' हा स्वतःचा गेम केला.

आणि 'गेम्स डन क्विक'! २०१० मध्ये काही जण एका घराच्या तळघरात जमले, जुने गेम कमीत कमी वेळात संपवत थेट प्रक्षेपण केलं आणि १०,००० डॉलरच्या वर मदतनिधी उभा केला. आता त्यांच्या एकेका मोठ्या कार्यक्रमात २० लाख डॉलरपेक्षा जास्त रक्कम जमते, कॅन्सर प्रतिबंधासाठी, डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स या वैद्यकीय मदत करणाऱ्या संस्थेसाठी.

सगळंच गोड आहे असं मी म्हणत नाही. 'खरे गेम आमच्या काळातले, तुम्हाला काय कळणार' ही अरेरावी याच मंडळींत मुरलेली आहे. नवख्यांना, विशेषतः मुलींना, परीक्षा घेतल्यासारखे प्रश्न विचारले जातात. मी ते सोसलंय, आणि त्याचा मला आजही राग येतो. ज्याला खरंच जपायचंय तो दार अडवून उभा राहत नाही.

पण त्याहून मोठा राग दुसऱ्या गोष्टीचा आहे. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये अभ्यास मांडला: २०१० च्या आधी अमेरिकेत आलेल्या गेम्सपैकी ८७ टक्के आज बाजारात विकत मिळत नाहीत. पैसे मोजायची तयारी असली तरी नाहीत. ग्रंथालयांनी असे गेम अभ्यासकांना दुरून वापरू द्यावेत, ही मागणी तिथल्या कॉपीराइट कार्यालयाने २०२४ मध्ये फेटाळली. एकीकडे मोजक्या लोकप्रिय गेम्सच्या आठवणी नव्या वेष्टनात पुन्हा पुन्हा विकायच्या, आणि उरलेले जपणाऱ्यांना सरसकट चोर म्हणायचं, हे मला मान्य नाही. पायरसीला माझा पाठिंबा नाही. पण जे कुणी विकतच नाही, ते कपाटात कुजू देण्यात कुणाचा हक्क जपला जातो?

तुमच्याकडे चीट कोड लिहिलेली जुनी वही असेल, हाताने काढलेले लेव्हलचे नकाशे असतील, गेमसोबत आलेली माहितीपुस्तिका असेल, तर रद्दीत टाकण्याआधी एकदा नीट स्कॅन करा. इंटरनेट आर्काइव्ह या मोफत ऑनलाइन संग्रहावर चढवता येतं. कसं करायचं ते अडलं तर मला मेसेज करा, मी बसून मदत करेन.