ब्लूफिन ट्यूनाच्या लांबीवरून नेमकं वजन? तसं नसतं

सध्या एक फॉरवर्ड फिरतोय की 2 मीटरचा ब्लूफिन (अटलांटिकमधला मोठा ट्यूना मासा) म्हणजे 160 किलो, टेप लावा आणि वजन सांगा. हे अर्धवट आहे, खुलासा करतोच.

लांबीवरून अंदाज निघतो, पण मासा किती भरलेला आहे ते लांबी सांगत नाही. मेक्सिकोच्या आखातात अंडी घालून अमेरिकेतल्या मेन राज्याच्या किनाऱ्याकडे जूनमध्ये येणारा ब्लूफिन हडकुळा असतो, मग तिथे हेरिंग मासे खाऊन खाऊन सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत तोच मासा चांगला गोलमटोल होतो आणि लांबी मात्र जवळपास तेवढीच. म्हणून अभ्यासक फुल्टनचा कंडिशन फॅक्टर, म्हणजे मासा किती भरलेला आहे ते सांगणारा आकडा काढतात: ग्रॅममधलं वजन भागिले सेंटीमीटरमधल्या लांबीचा घन, गुणिले 100. आता 200 सेंटीमीटरचा मासा घ्या, फॅक्टर 1.5 असेल तर 120 किलो आणि 2 असेल तर 160, म्हणजे तब्बल 40 किलोचा फरक!

दुसरं म्हणजे लांबी कुठून कुठे मोजली? शेपटीची टोकं तुटलेली असू शकतात म्हणून वरच्या जबड्यापासून शेपटीच्या बेचक्यापर्यंतच मोजतात. त्यातही अमेरिकेत टेप अंगाच्या वळणावरून नेतात, त्यामुळे सरळ मापापेक्षा आकडा जास्त येतो, आणि दोन्ही आकडे लांबी-वजनाच्या एकाच तक्त्यात घालणं चूकच. वजनही अख्ख्या माशाचं की कल्ले-आतडी काढलेल्याचं, तेही बघा ना.

आणि त्या फॉरवर्डमध्ये फोटो आपल्याकडच्या कुप्याचा लावलाय, तो यलोफिन, म्हणजे वेगळ्या जातीचा ट्यूना आहे, त्याला ब्लूफिनचा लांबी-वजनाचा तक्ता लागूच होत नाही.