राजाची नासपती झाली, त्याच्या पुढची गोष्ट

व्यंगचित्रांचा विषय निघाला की कुणीतरी फ्रान्सच्या राजाची आणि नासपतीची गोष्ट सांगतं, सगळे हसतात आणि विषय तिथेच संपतो. मला हे फार खटकतं.

नोव्हेंबर 1831. 'ला कारिकातूर' साप्ताहिकाचा संपादक शार्ल फिलिपाँ पॅरिसच्या कोर्टात उभा होता. आरोप, राजा लुई-फिलिपचा अपमान. त्याने तिथेच चार चित्रं काढली. पहिल्यात राजाचा गुबगुबीत गालांचा चेहरा, मग तोच चेहरा थोडा थोडा बदलत चौथ्यात निव्वळ नासपती. पहिलं दुसऱ्यासारखं दिसतं, दुसरं तिसऱ्यासारखं, मग गुन्हा नेमका कुठे सुरू होतो, हा त्याचा सवाल. फ्रेंच बोलीत नासपती म्हणजे बावळट माणूसही. शिक्षा झालीच: सहा महिने कैद आणि 2000 फ्रँक दंड. पण नासपती पॅरिसच्या भिंतींवर जाऊन बसली.

हे इतक्या झपाट्याने पसरलं ते शिळाछापामुळे. तेलकट खडूने थेट दगडावर चित्र काढायचं, मधे खोदकाम करणारा कारागीर लागत नाही. ज्याला अक्षरओळख नाही तोही ओबेरच्या चित्रांच्या दुकानाच्या काचेसमोर उभा राहून राजाला ओळखायचा.

चित्रकार ओनोरे दोमिएने तर राजाला 'गार्गांतुआ' केलं, म्हणजे फ्रेंच कथेतला खादाड राक्षस. गरिबांकडून गोळा केलेली नाणी हमाल टोपल्यांतून फळीवरून चढवत राजाच्या तोंडात ओततायत, आणि खालून मानसन्मानाचे कागद बाहेर पडतायत. त्यासाठी दोमिए 1832 मध्ये सँत-पेलाजीच्या तुरुंगात गेला. वय 24.

पण मला सगळ्यात मोठं वाटतं ते त्याचं 1834 चं चित्र, आणि त्यात राजा कुठेच नाही. 15 एप्रिलला ट्रान्सनोनँ रस्त्यावरच्या एका घरात सैनिक घुसले आणि त्यांनी रहिवाशांना मारलं. दोमिए मारामारी दाखवत नाही. ती संपल्यानंतरची खोली दाखवतो. विस्कटलेला पलंग, आडवी पडलेली खुर्ची, रात्रीच्या सदऱ्यात आणि टोपीत जमिनीवर पडलेला माणूस. डावीकडे अंधारात एक बाई. उजवीकडे कडेला एका म्हाताऱ्याचं डोकं. चेहरा वाकडा केलेला नाही, नाक लांबवलेलं नाही. तरीही माझ्या मते लुई-फिलिपवरची ही सर्वात जबर टीका आहे. सरकारला ते बरोबर कळलं, छापलेल्या प्रती जप्त झाल्या.

'सेन्सॉरशिप पुन्हा कधीही येणार नाही' असं 1830 च्या सनदेत, म्हणजे राज्यघटनेत, लिहून देऊन लुई-फिलिपचं राज्य आलं होतं. 1835 च्या सप्टेंबरात कायदा झाला: चित्र छापण्याआधी परवानगी घ्या. लेखाला ही अट नव्हती. मत मांडायला मोकळीक आहे, पण चित्र हे मत नाही, ती कृती आहे, अशी सरकारची बाजू. 'ला कारिकातूर' त्याआधीच, ऑगस्टमध्ये बंद पडलं होतं.

ट्रान्सनोनँचं चित्र शोधा आणि स्क्रीनवर मोठं करून बघा. त्या पडलेल्या माणसाच्या अंगाखाली बघा. तिथे एक बाळ आहे.