‘बस’ म्हटलं की बसतो

घर साडेचारशे फुटांचं असेल तर लॅब्रॅडॉरच घ्या. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या बर्फगार पाण्यातून मासे आणि जाळी ओढून आणणाऱ्या कुत्र्यांचा हा वंशज. लिफ्ट ते गेट एवढी चाल त्याला भरपूर झाली. तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात पिल्लाला माणसं, आवाज, रिक्षा यांची सवय लागते म्हणतात. तेवढे दिवस त्याला बाल्कनीत ठेवा. आठव्या महिन्यात तो अठ्ठावीस किलोचा झाला, वॉचमनच्या खांद्यांवर पंजे टाकून उभा राहायला लागला आणि सेक्रेटरींची चिठ्ठी आली, की क्लास लावा. मुंबईत दहावीपासून गुडघेदुखीपर्यंत सगळ्यावर क्लास असतो, मग यालाच का नको?

ट्रेनर सांगेल, रोज दोन वेळा पाच-पाच मिनिटं सराव करा. मनावर घेऊ नका. रविवारी सकाळी तासभर मैदानात फिरवलं आणि फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला की आठवडा निघतो.

तो असंही म्हणेल, की कुत्रा बसला की दोन सेकंदांच्या आत खाऊ तोंडात गेला पाहिजे. म्हणून खाऊ जीन्सच्या मागच्या खिशात ठेवा, गाठ मारलेल्या पिशवीत. कुत्रा बसतो. तुम्ही गाठ सोडायला घेता. सुटत नाही, म्हणून दातांनी ओढता. एव्हाना तो उठलेला असतो, भुंकत तुमच्या छातीवर चढलेला असतो आणि नेमकं तेव्हाच बिस्किट हाताला लागतं. द्या. ते कशाबद्दल मिळालं हे त्याला बरोब्बर कळतं.

वडापावच्या कागदाकडे त्याने ओढलं की पट्टा ताणून धरा आणि मागोमाग पळा. ओढलं की पोचता येतं, हा धडा तो एका दिवसात शिकतो. ‘ये’ म्हणून हाक मात्र फक्त आंघोळीच्या वेळी मारा. महिन्याभरात ‘ये’ ऐकताच तो पलंगाखाली जातो, म्हणजे शब्द पक्का झाला. आणि खाण्याआधीच्या आवाजानेच कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं हे दाखवणाऱ्या पाव्हलॉव्हचं नाव काढून घरच्यांवर छाप पाडू नका. त्याला १९०४ सालचं नोबेल मिळालं ते पचनावरच्या कामाबद्दल, आणि तुमच्याकडे कुकरच्या तिसऱ्या शिट्टीला लादी ओली होतेच आहे.

आता मुख्य गोष्ट, आज्ञा. क्लासमध्ये शब्द ‘सिट’. घरी मुलगी ‘सिट’ म्हणते. तुम्ही ‘सिट डाउन’ म्हणता; क्लासमध्ये ‘डाउन’चा अर्थ आडवं पडणं असा शिकवलाय, त्यामुळे तो अर्धा बसून तुमच्याकडे बघत राहतो. बायको ‘सिट, सिट, सिट, सिट’ म्हणते, म्हणून तो चौथ्याची वाट बघतो. आजी म्हणते, ‘बस रे बाळा’, आणि बसायच्या आत तूप लावलेला पोळीचा तुकडा देते. कुठला शब्द टिकला असेल?

रात्री बाबा जेवायला बसतात. आई आमटी वाढते. बाबा ताटावर हात धरून म्हणतात, “बस, बस.” टेबलाखाली अठ्ठावीस किलो धप्पकन बसतात. आजी खाली न बघताच पोळी मोडून टाकते. मग भात येतो. बाबा पुन्हा “बस” म्हणतात आणि खालून तक्रारीचा एक हुंकार येतो. तो बसलेलाच असतो.