पेटीत काय आहे ते मला विचारू नका
कथा सुरू करायला अर्धा तास लागला होता, शेवट करायला तिसरा महिना चालू आहे. घोळ पहिल्याच पानावर झालाय. तिथे मी आजोबांच्या खाटेखाली एक कुलूपबंद पेटी ठेवून दिली, का तर जरा गूढ वाटतं म्हणून. आत काय ते पुढे सुचेलच की! आता चौदा पानं झाली, आजोबा गेले, दोघं भाऊ भांडून बोलेनासे झाले, किल्लीपण सापडली, आणि पेटीत काय आहे हे त्या दोघांना माहीत नाही आणि मलाही नाही.

मृत्युपत्र टाकून बघितलं, कथा सरळ कोर्टात गेली. जुनी पत्रं टाकली तर आजोबांचं लफडं निघालं, आणि आजी इतकी गोड रंगवलीय की माझीच हिंमत होईना. मग पेटी रिकामी काढली. दोन दिवस फार खोल वगैरे वाटलं, तिसऱ्या दिवशी कळलं की रिकामं माझं डोकं आहे. शेवटी वैतागून सगळं स्वप्न होतं असं लिहिलं आणि धाकटीला पाठवलं, तर म्हणते, "ताई, मग मी रात्रभर जागले कशाला?"

ग्रीक नाटकवाल्यांचं बरं होतं, गुंता सुटेना की क्रेनने देव खाली सोडायचा. पण ॲरिस्टॉटलने त्यावरही नाक मुरडलंय, उकल कथानकातूनच यायला हवी म्हणे. आपल्या नाट्यशास्त्रात कथानकाचे पाच टप्पे, म्हणजे संधी, आणि पाचवा संधी निर्वहण, म्हणजे आधी पेरलेलं सगळं शेवटी एकत्र आणायचं. आणते ना, पण मी पेरलंय काय, तर एक कुलूप! हेमिंग्वेने 'अ फेअरवेल टू आर्म्स'चा शेवट ३९ वेळा लिहिला असं तो स्वतःच मुलाखतीत म्हणालाय, आणि २०१२च्या आवृत्तीत तर ४७ शेवट छापलेत. माझा हा नववा.

काल मुकाट्याने पहिल्यापासून वाचत बसले. सहाव्या पानावर पोरं पेटी ओढत असतात, हलत नाही, आणि आजोबा म्हणतात, "एकट्याने नाही उचलायची ती, दोघं मिळून उचला." हे वाक्य मी निव्वळ पान भरायला टाकलं होतं हो! मग काय, शेवटी दोघांनी एकेक कडी धरली, न बोलता उचलली, आणि मी घाईघाईने फाइल बंद केली.

धाकटीचा लगेच मेसेज, "ताई, रडले गं." मग दुसरा, "पण पेटीत होतं काय?"

निळ्या टिका तिला दिसल्यात, आता काहीतरी उत्तर द्यावं लागणार.