भिंती ठीक, पण आधी ब्रेक बघा

मालगाड्यांचा आवाज कमी करण्यावरच्या तुमच्या लेखात सगळं कौतुक रुळांकडेच्या ध्वनिरोधक भिंतींचं. पण खडखडाट येतो कुठून? बिडाचे ब्रेक ब्लॉक (ब्रेक लावताना चाकावर दाबले जाणारे ठोकळे) चाकावर घासून घासून ते खरबरीत करतात. मग ब्रेक न लावताही वॅगन बोंबलतच पळते. कंपोझिट, म्हणजे मिश्र साहित्याचे ब्लॉक बसवले की चाक गुळगुळीत राहतं आणि आवाज 10 डेसिबलपर्यंत उतरतो, म्हणजे कानाला जवळपास निम्मा. स्वित्झर्लंड आणि जर्मनीने 2020 मध्ये बिडाच्या ब्लॉकवाल्या वॅगनना बंदीच घातली. जर्मनीतल्या ऱ्हाईन नदीच्या खोऱ्यातली मंडळी त्याआधी वर्षानुवर्षं रात्रीच्या मालगाड्यांविरुद्ध भांडत होती. चाक आणि रूळ यांचा खरबरीतपणा मोजला तर आवाजाचा अंदाज आधीच बांधता येतो. भिंतीने खालचे मजले वाचतील हो, वरच्यांनी काय कानात बोळे घालायचे? आणि रूळच खराब असेल तर नवे ब्लॉकही वाया. रूळ ग्राइंडिंगवर, म्हणजे रूळ घासून गुळगुळीत करण्यावर, एक ओळही नाही लेखात!